शिडाच्या नौकेवरील पाणी आणि आपला पाणीपुरवठा

भारतीय नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या दोन शिडाच्या नौकांनी गेल्या दीड दशकात पृथ्वीप्रदक्षिणेचे जे पराक्रम केले, त्यांविषयी मराठी वाचकांना बरीच माहिती आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी म्हादेईवरून एकट्याने प्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कोणत्याही बंदरात न थांबता पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तारिणीवरून २५४ दिवसांत जग फिरून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच ती नौका पुन्हा जगाभोवती फिरवून आणली. या साऱ्या उपक्रमामागची मूळ प्रेरणा व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची होती. निवृत्तीनंतर ते फलटणजवळील विंचुर्णीला, म्हणजे पाण्याची नित्य काळजी वाहणाऱ्या मुलखात, राहिले.

या मोहिमांची चर्चा धाडस, वादळे, लाटा आणि राष्ट्रीय अभिमान या अंगांनी झाली, आणि ते योग्यच आहे. मला मात्र प्रशासक म्हणून या नौकांच्या एका अगदी गद्य बाजूविषयी लिहावयाचे आहे. ती बाजू म्हणजे गोड्या पाण्याची व्यवस्था. नोकरीची बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांत गेली. दर उन्हाळ्यात टंचाई आढावा नावाच्या बैठकांना मी बसत आलो आहे. त्या बैठकांत टँकरची संख्या असते, विंधनविहिरींची संख्या असते, खर्ची पडलेल्या व न पडलेल्या निधीचा तक्ता असतो. एक आकडा बहुधा नसतो. तो म्हणजे, आज हाताशी असलेले पाणी आजच्या वापराने आणखी किती दिवस पुरेल? शिडाच्या नौकेवर हा आकडा प्रत्येक खलाशाला ठाऊक असतो, कारण तो ठाऊक नसेल तर नौका बंदर सोडीत नाही. माझ्या मते आपल्या पाणीपुरवठ्याच्या प्रशासनाचा सर्वांत मोठा दोष हा एवढाच आहे, आणि तो दूर करण्यास नवे धरण किंवा नवा कायदा लागत नाही.

नौकेचे गणित

चार माणसे घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या एका मध्यम आकाराच्या नौकेचे उदाहरण घेऊ. तिच्या टाक्यांत ४०० लिटर पाणी मावते आणि पुढचे बंदर ३० दिवसांवर आहे. चार माणसांचे ३० दिवस म्हणजे १२० मनुष्यदिवस. ४०० ला १२० ने भागले की दर माणशी दररोज ३.३ लिटर येतात. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी उष्ण हवेत दिवसाला अडीच ते तीन लिटर लागतातच. म्हणजे उरले जेमतेम अर्धा लिटर. शिवाय प्रवास ३० ऐवजी ४० दिवसांचा झाला तर? वारा पडला, सुकाणू मोडले, डोलकाठीला इजा झाली, तर तसे सहज होऊ शकते. म्हणून शहाणा कप्तान अपेक्षित दिवसांच्या दीडपट दिवस धरून हिशेब मांडतो. दीडपट धरताच वाटा २.२ लिटरवर उतरतो. आता जास्तीचे डबे घ्यावयाचे, की वापराची रीत बदलावयाची, की वाटेत पाणी मिळविण्याची सोय करावयाची, हे प्रश्न बंदरात असतानाच सुटले पाहिजेत.

जास्तीचे पाणी हवे तेवढे घेता येत नाही, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वजन वाढले की नौका मंदावते. ते वर ठेवले तर नौका कलते, म्हणून टाक्या तळाशी, मध्याजवळ बसवितात.

आता हेच ४०० लिटर आपल्या शहरात आणू. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडील मान्य निकष माणशी दररोज १३५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबाला ५४० लिटर लागतात. ज्या पाण्यात नौका महासागर ओलांडते, ते शहरातील तेवढ्याच माणसांना एक दिवसही पुरत नाही. शहरातील माणसाने सव्वातीन लिटरांत राहावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. अशा राहण्याला आरोग्याच्या दृष्टीने मर्यादा आहेत, आणि त्या मी पुढे सांगणार आहे. मुद्दा इतकाच की १३५ हा आकडा आपण नियोजनाच्या कागदावर लिहितो, नळातून तो येतो की नाही हे मात्र क्वचितच मोजतो.

टाक्यांची मांडणी

नौकेवर सारे पाणी एकाच टाकीत कधी ठेवीत नाहीत. दोन किंवा तीन टाक्या, प्रत्येकीला स्वतंत्र झडप, आणि एका वेळी एकीचीच झडप उघडी, अशी रीत आहे. एक टाकी फुटली किंवा नासली तरी बाकीच्या वाचाव्यात, हा त्यामागचा हेतू. शिवाय काही पाणी सुट्या डब्यांत भरून वेगळे बांधून ठेवतात. डबे पूर्ण भरीत नाहीत. थोडी हवा राहिली की गोड्या पाण्याचा डबा समुद्रात तरंगतो, आणि नौका सोडण्याची वेळ आली तर तो सोबत नेता येतो.

या रीतीचे महत्त्व पटविणारी एक हकिगत प्रसिद्ध आहे, आणि तिचा संबंध मुंबईशी आहे. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे १९६८-६९ मध्ये ज्या 'सुहेली' नौकेवरून गेले, ती ३२ फुटी नौका मुंबईत, सागवानात बांधलेली होती. दक्षिण महासागरात शिरल्यानंतर लाटेने ती आडवी केली. पुढे पाहतात तो मुख्य टाक्यांतील पाणी दूषित झालेले. डब्यांत निराळे ठेवलेले थोडे पाणी तेवढे शुद्ध राहिले होते. तेवढ्या आधारावर आणि वाटेत धरलेल्या पावसाच्या पाण्यावर त्यांनी उरलेली प्रदक्षिणा केली. डब्यांतील पाणी नसते तर त्यांना जवळचे बंदर गाठावे लागले असते. याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे पुढे दिलीप दोंदे यांनी तयारीच्या काळात उमेदवारी केली, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

नळाची गोष्टही बोधप्रद आहे. आधुनिक नौकांत घरासारखा दाबाचा पंप बसविता येतो. नळ फिरविला की पाणी येते. परंतु लांबच्या प्रवासाला निघणारे अनुभवी लोक तो बंद ठेवतात आणि पायाने दाबावयाचा साधा पंप वापरतात. एकदा पाय दाबला की ओंजळभर पाणी. हात धुताना नळ सुरू ठेवणे शक्यच नसल्यामुळे बचत होते, हा एक लाभ. दुसरा लाभ अधिक मोठा आहे. दाबाच्या पंपावर कोठे नळीचा सांधा निसटला तर कोणाच्या नकळत सारी टाकी तळघरात रिकामी होते. पायाच्या पंपावर असे होऊ शकत नाही. शिवाय सिंकपाशी दुसरा नळ असतो तो समुद्राच्या पाण्याचा, म्हणजे भांडी विसळण्यासाठी गोडे पाणी वापरण्याचा मोहच नको.

टाकीत किती पाणी आहे हे दाखविणारी विजेची मापके असतात, पण खाऱ्या हवेत ती बिघडतात. म्हणून खुणा केलेली काठी टाकीत बुडवून रोज मोजतात आणि वहीत नोंद करतात. कालच्या नोंदीतून आजची वजा केली की कालचा वापर मिळतो. तो ठरल्यापेक्षा अधिक निघाला तर त्याच दिवशी गळती शोधतात. महिन्याच्या अखेरीस अहवाल आल्यावर नव्हे.

आपल्या नगरपालिकांत याच वजाबाकीला 'महसूल न देणारे पाणी' असे लांबलचक नाव आहे. केंद्राच्या नगरविकास खात्याने २००८ मध्ये सेवांचे जे मापदंड ठरविले, त्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. ते गाठणारी शहरे थोडी आहेत. त्याहून वाईट म्हणजे अनेक ठिकाणी जलकुंभाच्या तोंडाशी आणि वॉर्डाच्या तोंडाशी चालू स्थितीतील मापकेच नसल्यामुळे सांगितले जाणारे प्रमाण अंदाजाचे असते. ज्याची वजाबाकी करावयाची ते दोन्ही आकडे जर अंदाजाचे, तर उत्तराला काय अर्थ?

काटकसर आणि तिची मर्यादा

नौकेवर काटकसर म्हणजे कमी पाणी वापरणे एवढेच नव्हे. कोणत्या कामाला कोणत्या प्रतीचे पाणी, हे ठरविणे म्हणजे काटकसर. भांडी समुद्राच्या पाण्यात घासतात आणि शेवटी ओंजळभर गोड्या पाण्याने विसळतात. भात शिजविताना काही भाग समुद्राचे पाणी मिसळतात. मीठ वेगळे घालावे लागत नाही. अंघोळ समुद्राच्या पाण्याने, नंतर एका मगात अंग पुसून घेणे. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेस देत नाही, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे साबणाचा साका होतो; म्हणून भांडी धुण्याचे द्रावण अंगालाही चालवून घेतात.

पण याला मर्यादा आहे. मीठ अंगावर राहिले की काचते, घामाच्या जागी फोड येतात. समुद्राच्या पाण्यात धुतलेले कपडे नीट वाळत नाहीत, कारण कापडातील मीठ हवेतला ओलावा शोषीत राहते. पाणी वाचविण्यासाठी पिणेच कमी केले तर डोके दुखते, थकवा येतो, निर्णय चुकतात, आणि समुद्रावर चुकीच्या निर्णयाची किंमत मोठी असते. म्हणून जाणता कप्तान पिण्याच्या पाण्याला कात्री लावीत नाही. कात्री आधी कपड्यांना, मग अंघोळीला, मग भांड्यांना लागते. पिण्याचे पाणी सर्वांत शेवटी.

आपल्या शहरांत हा क्रम पाळला जातो काय? टंचाई आली की आपण सरसकट एक दिवसाआड पाणी देतो. ज्याच्या घरी तळटाकी, गच्चीवर टाकी आणि वर पंप आहे, त्याला काहीच जाणवत नाही. ज्याच्या घरी दोन हंडे आणि एक पिंप आहे, त्याच्या पिण्यालाच कात्री लागते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जलमंडळाने गाड्या धुण्यासाठी, बागांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास ५,००० रुपये दंड ठरविला. वापराचा क्रम लावण्याचा तो प्रयत्न होता आणि मी त्याचे स्वागत करतो. पण तो क्रम टंचाईच्या महिन्यातच आठवावा हे योग्य नाही. नौकेवर तो बंदर सोडण्याआधी ठरतो.

प्रतवारीची चांगली उदाहरणे आपल्याकडे आहेत. नागपूरचे सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. चेन्नईत ते अधिक शुद्ध करून उद्योगांना पुरविण्याचे प्रकल्प २०१९ मध्ये उभे राहिले. ही वाट रुंद केली पाहिजे.

पाऊस धरणे

मोकळ्या समुद्रात पाऊस हा मोठा आधार आहे, विशेषतः विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात. तो धरण्याची युक्ती साधी आहे. मुख्य शिडाच्या तळाशी जो आडवा दांडा असतो, त्याचे मागचे टोक दोरीने जरा उचलतात. शिडावर पडलेले पाणी मग डोलकाठीकडे वाहत येते आणि तेथे टांगलेल्या बादलीत किंवा कापडी झोळीत पडते. पहिल्या काही मिनिटांचे पाणी फेकून द्यावे लागते, कारण त्यात शिडावरचे मीठ असते. बोट बुडवून चाखतात, खारट लागेनासे झाले की नळी टाकीकडे वळवितात. ते पाणी सरळ मुख्य टाकीत मात्र घालीत नाहीत. आधी निराळ्या डब्यात, खात्री पटल्यावर टाकीत.

पाऊस अनेकदा पंधरा-वीस मिनिटांतच येऊन जातो. बादली, नळी, झोळी जागच्या जागी नसतील तर शोधाशोध होईपर्यंत ढग पुढे गेलेला असतो. आपल्या देशाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत, आणि त्यातही थोड्या तासांत पडतो. म्हणजे आपली स्थिती त्या खलाशाहून फार निराळी नाही. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पाऊस साठवण अनिवार्य केली. निर्णय धाडसाचा होता आणि पुढच्या चांगल्या पावसांत चेन्नईच्या भूजलाला त्याचा लाभ झाला. परंतु बांधलेला खड्डा दरवर्षी गाळ काढून जिवंत ठेवणे हे काम बांधण्याहून कठीण, आणि त्याला उद्घाटन नसते. पूर्णत्वाचा दाखला देताना पाहिलेली ती पन्हळ पुन्हा कोणी पाहत नाही. राजस्थानातील जुन्या टाक्यांचे आगोर, म्हणजे पाणी वाहून येणारे आंगण, पावसाआधी झाडून स्वच्छ करण्याची रूढी होती. त्या रूढीत बादली जागेवर ठेवण्याचे शहाणपण आहे.

यंत्राचे पाणी

आता समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्राकडे येऊ, कारण धोरणाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५५ ते ६० पट दाबाने एका सूक्ष्म पडद्यावर ढकलले की गोडे पाणी पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे राहतात. लहान नौकेवरील यंत्रात साधारणपणे १० लिटर समुद्राचे पाणी घेतल्यावर १ लिटर गोडे मिळते. बाकीचे अधिक खारट होऊन परत समुद्रात जाते. वीज सौर पट्ट्यांतून किंवा इंजिनातून येते. ढगाळ आठवडा आला की एक तर यंत्र चालवा, नाही तर दिवे व यंत्रे.

हा पडदा नाजूक असतो. बंदरातील तेलकट पाणी एकदा आत गेले की तो निकामी होतो. टाकीत जंतुनाशक म्हणून टाकलेले क्लोरीनही त्याला मारते, म्हणून धुण्याचे पाणी कोळशाच्या गाळणीतून न्यावे लागते. यंत्र काही दिवस बंद ठेवावयाचे तर पडदा गोड्या पाण्याने धुवावा लागतो, अधिक दिवस ठेवावयाचे तर विशेष द्रावणात भिजवावा लागतो. म्हणून यंत्र असलेल्या नौकेवरही एक जुना नियम पाळतात. यंत्र या क्षणी बंद पडले तरी जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढे पाणी टाकीत नेहमी असले पाहिजे. यंत्र टाकी भरण्यासाठी असते, टाकीची जागा घेण्यासाठी नसते.

चेन्नईत मिंजूर येथे २०१० मध्ये आणि नेम्मेली येथे २०१३ मध्ये, प्रत्येकी दिवसाला १० कोटी लिटर गोडे पाणी देणारे प्रकल्प सुरू झाले. तरीही २०१९ च्या जूनमध्ये शहराचे चारही मुख्य जलाशय कोरडे पडले, आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने २५ लाख लिटरची खेप आणावी लागली. प्रकल्प निरुपयोगी होते असे मी म्हणत नाही; ते नसते तर अवस्था अधिक बिकट झाली असती. पण यंत्रे आहेत या भरवशावर टाकीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे ते उदाहरण आहे. २०२४ मध्ये नेम्मेलीलाच १५ कोटी लिटरचा आणखी एक प्रकल्प सुरू झाला. त्याच्या जोडीने शहराभोवतीच्या तलावांचा गाळ आणि अतिक्रमण यांची वही कोण ठेवीत आहे, हा प्रश्न प्रकल्पाच्या क्षमतेइतकाच मोठा आहे.

लक्षद्वीपचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २००५ मध्ये कवरत्ती येथे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने दिवसाला एक लाख लिटर पाणी देणारा प्रकल्प उभा केला. त्यात पडदा नाही. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबात बाष्प होते आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ते बाष्प पुन्हा द्रवते. पुढे मिनिकॉय व अगत्ती येथेही असे प्रकल्प झाले. या बेटांच्या पोटात पावसाच्या गोड्या पाण्याचे एक भिंग खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याचाच उलट अर्थ असा की उपसा करून वरची पातळी थोडी उतरविली की खालून खारे पाणी झपाट्याने वर चढते. बेटावरची खरी टाकी ते भिंग आहे. प्रकल्पामुळे उपसा घटला तर प्रकल्प सफल; प्रकल्प आला म्हणून पर्यटकांच्या खोल्या वाढल्या आणि उपसा तसाच राहिला, तर टाकी गेली असे समजावे.

उपमेच्या मर्यादा

वाचक म्हणतील, नौकेवर सहा शिकविलेली, स्वेच्छेने आलेली माणसे असतात आणि एक कप्तान असतो. शहरात लाखो माणसे, शेकडो हितसंबंध. शिवाय देशातील बहुतांश पाणी शेतीला जाते. नळाच्या काटकसरीने ऊस कसा वाचणार? हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. शेतीच्या पाण्याचा प्रश्न पीकपद्धती, विजेचे दर आणि हमीभाव यांच्याशी बांधलेला आहे, आणि तो या लेखात सुटणारा नाही. नौकेची उपमा पिण्याच्या पाण्यापुरतीच वापरावी. परंतु एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेले, ते ऊसासाठी नव्हे, पिण्यासाठी नेले. कमी पडले ते पिण्याचे पाणी, आणि ते कमी पडणार हे काही महिने आधी मोजून कळू शकत होते.

पहिल्या आक्षेपाला केप टाऊनचे उत्तर आहे. तारिणी मार्च २०१८ मध्ये त्या बंदरात थांबली, तेव्हा ते शहर इतिहासातील सर्वांत कठीण टंचाईतून जात होते. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. नळ बंद करून रांगेत २५ लिटर देण्याचा दिवस केव्हा उजाडेल, याचा अंदाज शहर जाहीर करीत होते, आणि धरणांची पातळी दर आठवड्याला सर्वांसमोर ठेवीत होते. २०१५ मध्ये उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर वापरणारे शहर २०१८ च्या आरंभी ५० कोटींच्या आसपास आले, आणि तो दिवस उजाडला नाही. त्यात अन्यायही झाले. श्रीमंतांनी स्वतःच्या विंधनविहिरी खोदल्या, गरिबांच्या वस्तीत मर्यादा घालणारी मापके बसली. पण शिस्तीसाठी नौदलाचा गणवेश लागत नाही, शिल्लक किती ते खरेखरे सांगावे लागते, एवढे त्या शहराने दाखविले.

म्हादेई या नावाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. नौकेला ज्या नदीचे नाव आहे, तिच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात दीर्घ वाद आहे. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. त्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत वाटप ठरते, पण नदीत या महिन्यात प्रत्यक्ष किती पाणी वाहिले याचे तिन्ही पक्षांना मान्य असे, रोज उघड होणारे मोजमाप नसेल, तर त्या दशांशावर कोणाचाच विश्वास बसणार नाही.

माझ्या सूचना

१. प्रत्येक नगरपालिका व मोठ्या ग्रामपंचायतीने दर सोमवारी एकच आकडा फलकावर लावावा: आजच्या वापराने पिण्याचे पाणी किती दिवस पुरेल. त्याखाली पुढच्या खात्रीच्या पाण्याला किती दिवस आहेत ते लिहावे. पहिला आकडा दुसऱ्याच्या दीडपटीहून खाली आला की निर्बंध आपोआप लागू व्हावेत. त्यासाठी बैठक लागू नये.

२. रुग्णालये, शाळा, वसतिगृहे आणि तुरुंग यांचे पाणी दोन स्वतंत्र टाक्यांत असावे, झडपा वेगळ्या असाव्यात, आणि एक टाकी नेहमी राखीव भरलेली असावी.

३. निर्बंधांचा क्रम पावसाळ्यातच, पाणी मुबलक असताना, ठरावाने निश्चित व्हावा. आधी बागा व गाड्या, मग तरणतलाव व बांधकामे, पिण्याचे पाणी शेवटी. जल जीवन मिशनने २०१९ पासून १२ कोटींहून अधिक ग्रामीण घरांत नळ पोचविले आहेत. त्या नळाला माणशी ५५ लिटर मिळावेत असा निकष आहे. टंचाईत हा वाटा अखेरपर्यंत अभंग राहिला पाहिजे.

४. पाऊस साठवण्याच्या व्यवस्थांची तपासणी दरवर्षी ३१ मेपूर्वी व्हावी. नवी बांधण्याच्या निधीचा काही हिस्सा जुन्यांच्या सफाईसाठी राखावा.

५. कपात सर्वांना सारखी असावी. नौकेवर कप्तानाचा वाटा खलाशाएवढाच असतो. जिल्ह्याचा टँकर अधिकाऱ्याच्या बंगल्यावर अधिक वेळा येत असेल, तर त्या जिल्ह्यात काटकसरीचे आवाहन करण्याचा अधिकार आम्हां अधिकाऱ्यांना उरत नाही. शासकीय निवासस्थानांच्या मापकांचे आकडे त्याच सोमवारच्या फलकावर लागले पाहिजेत.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळजण बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत राहतात. काहीजण आखातात आहेत, जेथे नळाचे जवळजवळ सारे पाणी यंत्रातून येते. शासनाने फलक लावीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या तळटाकीत खुणा केलेली एक काठी आणि वॉचमनच्या टेबलावर एक वही, एवढ्याने सुरुवात होते. रोज सकाळी सहा वाजता मोजावे, कालच्या आकड्यातून आजचा वजा करावा, टँकरचे पाणी वेगळे लिहावे. महिनाभरात गळती कोठे आहे ते बहुधा कळते. ती वही घेऊन मग आपल्या वॉर्ड कार्यालयात जावे आणि त्यांची वही पाहण्यास मागावी.